एक्याऐंशीची कॉर्व्हेट आणि बारा, बारा, बारा

गाडी घेतली तेव्हाच डॅशवरचा 'चेक इंजिन'चा दिवा पेटलेला होता. विकणारा हसत म्हणाला, हा मी घेतली तेव्हापासून पेटलेलाच आहे, त्याच्याकडे बघायचं नाही. मी नाही बघितलं. दोन वर्षं नाही बघितलं.

गाडी म्हणजे १९८१ ची शेवरले कॉर्व्हेट. ती लांब नाकाची, मधे कंबर बारीक आणि दोन्हीकडे चाकांवर फुगलेली. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि कागदावर फक्त १९० हॉर्सपॉवर. लोक कॉर्व्हेट म्हटल्यावर डोळे मोठे करतात पण खरं सांगायचं तर सिग्नल सुटला की शेजारची साधी फॅमिली गाडी हिला आरामात मागे टाकते. दुर्मीळ वगैरे पण काही नाही, त्या एका वर्षात चाळीस हजारांवर बनल्या. मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, इथे दर तिसऱ्या घराच्या गराजमधे काहीतरी जुनं झाकून ठेवलेलं असतं आणि तो रोग मलाही लागला, एवढंच.

त्यात गंमत अशी की मी नोकरीत इंजिन कंट्रोलचं सॉफ्टवेअर करतो. म्हणजे दिवसभर ज्या गोष्टीचा पगार घेतो त्याच गोष्टीचा पणजोबा माझ्या स्वतःच्या गाडीत मरून पडलेला, आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

तर हा पणजोबा कशासाठी होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. अमेरिकेत १९७० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टने धुरावर कडक मर्यादा आणल्या, त्या टप्प्याटप्प्याने घट्ट होत १९८१ च्या मॉडेलपर्यंत इतक्या आवळल्या की नायट्रोजन ऑक्साइड मैलाला १ ग्रॅमवर आणायचे होते. त्यासाठी लागतो थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा, आणि त्याची अट अशी की पेट्रोलच्या एका भागाला हवा वजनाने १४.७ भाग, त्याच्याच आसपास मिश्रण राहिलं पाहिजे, तरच तो तिन्ही विषारी वायूंना एकदम हाताळतो. साध्या कार्ब्युरेटरला हे जमत नाही, तो अंदाजपंचे माणूस. आज आपण इंजेक्शन लावून मोकळे होतो पण तेव्हा सगळ्या गाड्यांना इंजेक्शन परवडणारं नव्हतं म्हणून जनरल मोटर्सने कार्ब्युरेटरच्या आतच एक सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा छोटा व्हॉल्व्ह) बसवला, तो सेकंदाला १० वेळा टकटक करत पेट्रोल कमीजास्त करायचा, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण जाड आहे की पातळ ते सांगायचा आणि मधे बसून हिशोब करायला एक कॉम्प्युटर. नाव 'कॉम्प्युटर कमांड कंट्रोल'. स्पार्कचं टायमिंग पण त्याच्याच हातात, म्हणून डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) टायमिंग पुढेमागे करणारा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा डबा आणि वजनं दोन्ही काढून टाकलेली. १९८१ साली हे सगळं एका अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बसवलं याचं मला प्रामाणिकपणे कौतुक आहे. लोक या सिस्टीमला सरसकट शिव्या देतात, मला ते पटत नाही. धड ठेवलेली असेल तर चालते.

माझी धड ठेवलेली नव्हती. कधीतरी कुठल्यातरी मालकाने वैतागून जुना साधा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर बसवला, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सवाला जुना डिस्ट्रिब्युटर बसवला, एक्झॉस्टमधे हवा ढकलणारा एअर पंप आणि त्याचा पट्टा काढून कुठेतरी फेकला, आणि वायरिंग? वायरिंग तसंच. कनेक्टर तोडून वायरींची टोकं पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळून इंजिनाच्या मागे ढकलून दिलेली. शिळ्या शेवयांसारखा गोळा.

जुलैच्या एका रविवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ट्रॅफिकमधे उभा होतो आणि डॅशवरचे गेज एकदम मेले. पाठोपाठ तो वास. ज्याने कधी वायर जळताना हुंगलीये त्याला वेगळं सांगायला नको. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं (हिचं बॉनेट म्हणजे दिवाणखान्याचं दार आहे, आणि बिजागऱ्या पुढे नाकाकडे, उघडतं काचेच्या बाजूने), बघतो तर त्या गोळ्यातली एक गुलाबी वायर सुटून एक्झॉस्टवर पडलेली आणि तिचं प्लास्टिक वितळून तिथेच चिकटलेलं. जुन्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट देणारी वायर. सोलेनॉइड गेला, वायर जिवंत, आणि कुणा महाभागाने ती गेजच्याच फ्यूजवर आणून जोडलेली. फ्यूजने इमानेइतबारे जीव दिला म्हणून बरं, कारण हिची अख्खी बॉडी फायबरग्लासची आहे आणि फायबरग्लास पेटलं की विझवायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

बायकोने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "यात तू चिनूला बसवून शाळेत सोडतोस ना?" त्यावर उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात गाडी गराजमधे जॅकवर चढली.

पहिलं काम म्हणजे तो दिवा काय म्हणतोय ते ऐकायचं. या गाड्यांना स्कॅनर लागत नाही, डॅशखाली एक छोटा कनेक्टर असतो त्यातली टेस्टची पिन अर्थ केली, म्हणजे निगेटिव्हला जोडली, आणि किल्ली ऑन केली की दिवाच लुकलुकून नंबर सांगतो. एकदा लुकलुक, थांबा, दोनदा लुकलुक. म्हणजे १२. हा नंबर तीनदा येतो आणि मग साठवलेल्या चुका येतात. माझ्याकडे २१ आला, म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर, तो जुन्या कार्ब्युरेटरबरोबर गेला. २३ आला, म्हणजे सोलेनॉइड, तोही गेला. आणि परत १२, १२, १२.

आता १२ ही खरं तर चूक नाहीच. त्याचा अर्थ डिस्ट्रिब्युटरकडून कॉम्प्युटरला ठोके येत नाहीत, म्हणजे इंजिन बंद आहे, आणि किल्ली ऑन असून इंजिन बंद असताना तो यायलाच हवा. पण माझ्या डिस्ट्रिब्युटरमधून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या चारही वायरी तुटलेल्या होत्या. म्हणजे त्या बिचाऱ्याच्या लेखी हे इंजिन कधी सुरूच झालेलं नाही. मी हायवेला सत्तरने जातोय आणि हा ड्रायव्हरच्या सीटमागच्या कप्प्यात बॅटरीशेजारी बसून किल्ली फिरायची वाट बघतोय, कित्येक वर्षं, आणि म्हणून तो दिवा. मला जरा वाईटच वाटलं.

दोन रस्ते होते. सगळं परत मूळ जागी आणायचं, म्हणजे तो खास कार्ब्युरेटर, तो डिस्ट्रिब्युटर, सेन्सर, पंप, सगळं शोधायचं. किंवा मेलेलं वायरिंग बाहेर काढायचं. पहिल्याचा खर्च काढला आणि वही मिटली. इथे कायद्याचं पण सांगून टाकतो, कारण लोक हे लपवतात: धूर कमी करणारी सिस्टीम काढणं फेडरल कायद्याने चालत नाही, गाडी कितीही जुनी असो. मिशिगनमधे धुराची टेस्टच नाही म्हणून कुणी विचारत नाही, एवढाच फरक. कॅलिफोर्नियात तर १९७६ आणि पुढच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट आहेच, तिथे माझी गाडी आहे त्या अवस्थेत नापास झाली असती. मी ठरवलं की जे काम करतंय त्याला हात लावायचा नाही. कन्व्हर्टर राहणार, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) राहणार, टाकीतली वाफ पकडणारा कोळशाचा डबा राहणार. जाणार त्या फक्त ज्यांच्या इंजिनाकडच्या टोकाला कामाचं काहीच उरलेलं नाही अशा वायरी.

बोलायला सोपं. कॉम्प्युटरच्या वायरी आणि गाडीच्या बाकी वायरी फॅक्टरीने एकाच टेपमधे गुंडाळल्यात.

फॅक्टरी मॅन्युअलमधला डायग्रॅम मोठ्या कागदावर छापून आणला, भिंतीला चिकटवला, आणि हिरवा हायलायटर ठेवायच्या वायरींना, लाल काढायच्या. पहिल्या रात्री अर्धा कागद दोन्ही रंगांचा झाला. शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर गाड्यांच्या प्लांटमधे वायरिंगच्या लाइनवर होते, ते संध्याकाळी बिअर घेऊन आले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, कापू नकोस, कनेक्टरमधून पिन काढ आणि वायर ओढून बघ दुसरीकडे कुठली हलते. त्यांचं हे एक वाक्य त्या मॅन्युअलच्या चाळीस पानांना भारी पडलं. पिन काढायला टूल मिळतं पण मी आधी चपटी केलेली सेफ्टी पिन वापरली, पुढच्या फटीतून आत घालायची, पिनेचा छोटा काटा दाबायचा, मागून वायर ओढायची. दहा वायरींनंतर अंगठा सोलतो. मग मी टूल मागवलं.

क्रम असा राहिला: बॅटरीची निगेटिव्ह काढली, सीट काढली, कार्पेट उचललं (खाली ३ नाणी, एक कानातलं आणि १९९० च्या दशकातली पार्किंगची पावती), सीटमागच्या कप्प्यातून कॉम्प्युटरचे कनेक्टर सोडवले. मग एकेक वायर मल्टीमीटरवर. एक टोक कॉम्प्युटरच्या कनेक्टरला, दुसरं इंजिनापाशी, बीप वाजलं की मास्किंग टेपची चिठ्ठी. दोन्ही टोकांना माझे हात पोचत नव्हते म्हणून चिनू बॉनेटपाशी उभा राहून "वाजलं!" ओरडायचा, पाच डॉलर तासाने. करडी, गडद निळी आणि काळी, थ्रॉटल सेन्सरच्या. जांभळी, ऑक्सिजन सेन्सरची. हे रंग एकदा डोळ्यात बसले की गोळा गोळा राहत नाही, त्यातून माणसं दिसायला लागतात.

वीकेंडला बाबांचा व्हिडिओ कॉल. त्यांची पद्मिनी होती, प्रीमियर पद्मिनी, आमच्या लहानपणी तिचं सगळं काम ते उद्यमनगरमधे स्वतः समोर उभं राहून करून घ्यायचे आणि स्पार्कचे पॉइंट मात्र घरीच पॉलिश पेपरने घासायचे. फोन त्या ढिगावरून फिरवला. बाबा म्हणाले, "हे सगळं एका गाडीतनं निघालं? अरे, माझ्या फियाटचं इंजिन चालू व्हायला दोन वायरी लागत हुत्या." मी म्हटलं बाबा, हिलाही दोनच लागतात आता. आणि ते खरं आहे, या एचईआय (जनरल मोटर्सचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) डिस्ट्रिब्युटरला एक १२ व्होल्टची वायर आणि एक आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरला जाणारी, बस.

हे वाक्य मी बोललो आणि पुढच्याच संध्याकाळी ती टॅकोमीटरची वायर कापली.

कसं झालं तर डिस्ट्रिब्युटरपाशी त्या मेलेल्या चार वायरींचा जुडगा होता, टेप इतकी कडक झालेली की सुरीने सोलावी लागत होती, रात्रीचे साडेदहा, दुसऱ्या दिवशी ऑफिस, आणि मी आजोबांचं ऐकायचं सोडून सरळ कटर चालवला. चार कापायच्या होत्या, पाच कापल्या. तेव्हा कळलंही नाही. कळलं ते आठवड्याने, इंजिन सुरू झाल्यावर टॅकोचा काटा शून्यावर झोपलेला तेव्हा. मग परत चिठ्ठ्या, परत बीप, आणि ती वायर नेमकी जिथे हात जात नाही अशा जागी तोडलेली. हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) आधी वायरीत सरकवायचं, मग सोल्डर करायचं. मी आधी सोल्डर केलं. दोनदा.

पण डोकं खरं खाल्लं ते गिअरबॉक्सने. हिच्या ऑटोमॅटिकमधे टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे हायवेला एका वेगाने चाललात की इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा घसरा बंद होऊन दोन्ही घट्ट जोडले जातात, आरपीएम खाली, पेट्रोल कमी, तेल थंड. आणि हे लॉक करायचा हुकूम कोण देणार? तर तो सीटमागचा बिचारा, ज्याच्या मते गाडी बंद आहे. म्हणजे माझ्या आधीच्या मालकाच्या काळापासून हे लॉक एकदाही लागलेलं नव्हतं आणि मी समजत होतो की जुनी गाडी आहे, हायवेला ओरडणारच.

डायग्रॅममधे बघितलं तर सोपं आहे. ब्रेकच्या पेडलवरच्या स्विचमधून १२ व्होल्ट गिअरबॉक्सला जातात, तिथून एक वायर परत कॉम्प्युटरकडे येते, आणि कॉम्प्युटर फक्त ती अर्थ करतो. मग मी ती अर्थ केली तरी तेच झालं की! ब्रेकचा स्विच मधे ठेवणं मात्र महत्त्वाचं, कारण लॉक लागलेलं असताना गाडी थांबली तर क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखं इंजिन बंद पडतं. ब्रेकवर पाय ठेवला की सप्लाय तुटतो, लॉक सुटतं. काही लोक इथे व्हॅक्यूमचा स्विच लावतात म्हणजे ते आपोआप होतं. मी साधा टॉगल लावायचं ठरवलं, कन्सोलच्या आत, दिसणार नाही असा.

ट्रायल म्हणून सीटमागेच त्या वायरला रिंग लावून जवळच्या एका स्क्रूला घट्ट आवळली. हायवेला गेलो, काही नाही. परत आलो, ब्रेकचा स्विच तपासला, ठीक. गिअरबॉक्सपाशी १२ व्होल्ट, ठीक. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स, ठीक. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी आजोबा आले, सीटमागे वाकून बघितलं, आणि काही न बोलता त्या स्क्रूशेजारी बॉडीवर टिचकी मारली. टक. प्लास्टिकचा आवाज.

फायबरग्लास. त्यातून करंट जातो होय! याच कारणाने या गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला वेगळी काळी वायर खालच्या लोखंडी चॅसिसपर्यंत नेलेली असते, आणि मी पंधरा दिवस त्या काळ्या वायरींनाच चिठ्ठ्या लावत होतो. बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की आईने फोन हातात घेतला. "प्लास्टिकच्या बादलीला अर्थिंग दिलंस व्हय रं," हे आता आमच्या घरात कायमचं झालंय, चिनूसुद्धा म्हणतो.

वायर चॅसिसपर्यंत नेली, परत हायवे, पासष्टच्या वेगाला टॉगल दाबला. आणखी एक गिअर पडल्यासारखा हलका ठोका, इंजिनाचा आवाज उतरला. मी एकटाच गाडीत "आयला!" ओरडलो.

व्हॅक्यूमच्या नळ्यांचं थोडक्यात सांगतो कारण ते कंटाळवाणं आहे. ईजीआर आणि कोळशाच्या डब्याच्या नळ्या कॉम्प्युटरच्या सोलेनॉइडमधून जात होत्या, ते सोलेनॉइड गेल्यावर त्या थेट कार्ब्युरेटरच्या पोर्टला, ईजीआरच्या मधे पाण्याच्या तापमानावर उघडणारा व्हॅक्यूम स्विच. म्हणजे इंजिन गरम झाल्याशिवाय ईजीआर उघडत नाही. एअर पंप आधीच गेलेला, त्याची वायर तेवढी काढली. फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत) ज्या भोकातून जुडगा जायचा तिथे आता बोटभर मोकळी जागा झाली, ती रबरी ग्रोमेट घालून बंद केली, नाहीतर इंजिनाची उष्णता आणि वास थेट पायाशी. उरलेलं वायरिंग नवीन कापडी टेपने गुंडाळलं. चिकटपट्टीने नाही! चिकटपट्टी गरम झाली की गोंद वितळून पुढच्या माणसाच्या हाताला लागतो, आणि पुढचा माणूस यावेळी मी होतो.

सगळं मिळून निघालेल्या वायरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या (बायको घरी नव्हती), साडेचार पौंड. गाडीच्या वजनात त्याने काही फरक पडत नाही, पण इंजिनाच्या मागे आता हात घालता येतो, आणि मुळात कुठली वायर जिवंत आहे ते मला माहितीये.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून, हजारो जुन्या गाड्या त्या एका रस्त्यावर गोगलगायीच्या वेगाने वर जातात आणि खाली येतात. आम्ही पण गेलो, मी आणि चिनू, चार तास पहिल्या गिअरमधे, ऊन मरणाचं. टॅको ठीक, गेज ठीक, वास फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांचे. डॅशवरचा दिवा बंद. सवयीने मी तरी दर दहा मिनिटांनी तिकडे बघत होतो.

कॉम्प्युटर मी फेकला नाही. पुढेमागे कुणाला गाडी मूळ रूपात आणायची असेल तर लागेल, आणि आधीच तोडलेले कनेक्टर आणि मी कापलेल्या त्या चार वायरी सोडल्या तर सगळं वायरिंग अखंड आहे, चिठ्ठ्यांसकट. डब्यात भरण्याआधी एका रात्री टेबलावर त्याला १२ व्होल्ट दिले, एक छोटा बल्ब जोडला, टेस्टची वायर अर्थ केली. क्षणभर काही नाही, मग एक लुकलुक, दोन लुकलुक. बारा. बारा. बारा. डिस्ट्रिब्युटरकडून ठोके नाहीत, इंजिन बंद आहे. यावेळी बरोबर होतं त्याचं.

डबा आता बेसमेंटमधे आहे, गणपतीच्या मखराच्या सामानाशेजारी. आणि मागच्या आठवड्यात गाडीखाली तेलाचा थेंब दिसलाय, गिअरबॉक्सच्या बाजूचा वाटतोय.